दादाचा केसपेपर

दि. ९ जानेवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, म्हणून हसाल. पण आमचा फोन दिवाणखान्यात, आणि तिथे सकाळपासून नगरपालिकेची माणसं ठाण मांडून असतात. नगराध्यक्षांच्या बायकोने नुसता खोकला काढला तरी दुपारपर्यंत गावभर होतो. म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिते आहे.

वन्सं, ह्यांचं काहीतरी बिनसलंय. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, अर्ध्या गावाचे हजेरीपटातले नंबर तोंडपाठ असलेला हा माणूस. परवा पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरला पोस्टमास्तर समजून आपलं पार्सल कुठे अडकलं म्हणून विचारत बसला. वाचनालयाच्या भाषणात एकच पान दोनदा वाचलं. लोकांना वाटलं, मुद्दा ठसवतायत. टाळ्या वाजवल्या! मी मात्र पहिल्या रांगेत बसून पदराचं टोक चुरगाळत होते. गेल्या आठवड्यात फिरायला गेले ते आपल्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभेच राहिले. समोरच्या दुकानातले शिंपीकाका हाताला धरून घेऊन आले. नव्या कोटाचं माप घ्यायचंय असं खोटंच सांगून काकांनी बिचाऱ्यांनी त्यांना दारापर्यंत गप्पांत रमवत आणलं.

आता खरं विचारायचं ते. नोव्हेंबरात हे तीनदा तुमच्या शहरात आले होते. सरकारी बैठका, म्हणे. पण ड्रायव्हरच्या बोलण्यातून निसटलं, गाडी तिन्ही वेळा तुमच्या इस्पितळाच्या फाटकाशी उभी होती. वन्सं, तुम्ही तिथल्या नोंदविभागात. प्रत्येक पेशंटचा कागद तुमच्या हाताखालून जातो. हे कुणाकडे आले होते? काय निघालं? मी बायको आहे त्यांची, मला कळायला नको का?

तुमचा गुडघा कसा आहे? शिडीवर चढणं आता त्या नव्या मुलींना सांगत जा.

माया आहे तशीच राहू द्या, तिच्यावरच चाललंय.

तुमची,
वहिनी

*

दि. १५ जानेवारी

प्रिय सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं आणि टेबलाच्या खणात ठेवून दिलं. उत्तर लिहायला चार दिवस लागले, रागावू नका.

वहिनी, माझ्या खोलीत छतापर्यंत फायली आहेत. त्यात आमच्या मालकीणबाई आहेत, कोपऱ्यावरचा केशकर्तनवाला आहे, आमचे स्वतःचे मोठे डॉक्टरसुद्धा आहेत. कोण आलं, कोण नाही, हे मी दाराबाहेर नेत नाही. सव्वीस वर्षांपूर्वी तसं लिहून दिलंय, आणि कायदाही तसाच आहे. पेशंटचा कागद पेशंटचा. बायकोचा नाही, बहिणीचा नाही. एकाबद्दल एकदा तोंड उघडलं की बाकीच्या सगळ्यांनी माझ्यावर का भरवसा ठेवावा? तेव्हा मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. त्यातून काही अर्थ काढू नका, अशी हात जोडून विनंती.

विचारायचं तर त्यालाच विचारा. ओरडेल, पण तुमच्यापुढे त्याचं फार वेळ टिकत नाही. लग्नानंतर वर्षभर त्याने सिगारेट लपवली होती, ती तुम्ही कशी काढून घेतलीत, ते आठवा. तसंच काहीतरी करा.

गुडघा आहे आपल्या जागी. शिडी मी कुणाला देत नाही. नव्या मुली वरच्या फळीवर फायली उलट्या लावतात.

तुमचा माझ्यावरचा जीव कमी होऊ नये, एवढंच मागते.

तुमची,
वन्सं

*

दि. १५ जानेवारी

ती. दादास,
सा. न.

हे पत्र वाचून फाडून टाक.

नोव्हेंबरात मेंदूच्या डॉक्टरांकडच्या फायली लावताना वरच्याच फायलीवर तुझं नाव दिसलं. नावापुरतं बघून ती जागेवर ठेवायची, एवढंच माझं काम होतं. मी ती उघडली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा केलं हे, आणि चूकच केलं. डॉक्टरांनी तुला घड्याळ काढायला सांगितलं होतं. दादा, तू बाराही आकडे उजव्या अंगाला कोंबलेस. ज्याने मला पाटीवर घड्याळ शिकवलं, त्याने. मी फाइल मिटली आणि शिडीच्या पायरीवर बसून राहिले.

कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पण तू सांग. निदान वहिनीला. आणि गावालाही. तुझ्या सहीवर लोकांचं पाणी चालतं, दिवे चालतात, दवाखाना चालतो. ज्या दिवशी सही करायची राहील, त्या दिवशी कुणाचं काय होईल? तू स्वतःहून खुर्ची सोडलीस तर लोक तुला डोक्यावर घेतील. मी गप्प राहू शकते दादा, पण फार दिवस तसं राहायला लावू नकोस.

रागावलास तरी चालेल, उत्तर लिही. तुझा हात माझ्या पाठीवर असू दे.

तुझी,
ठमी

*

दि. २ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. फाडायला सांगितलंस, पण तुझं अक्षर इतकं सुधारलंय की फाडवेना. खणात ठेवलंय.

गुडघा कसा आहे? शिडीवर चढू नकोस.

आता तुझ्या आरोपपत्राकडे वळतो. एक, तू माझी फाइल उघडलीस. गुन्हा! लहानपणी माझी वही उघडायचीस, तेव्हा कान धरायचो. आता कान धरायला लांब आहेस म्हणून माफ. दोन, कायदा माझ्या बाजूने आहे. निवडणुकीचा अर्ज भरताना वय विचारतात, शिक्षण विचारतात, गुन्हे विचारतात. डोकं कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर निम्मं सभागृह रिकामं पडलं असतं.

चेष्टा सोडतो. ठमे, मला भीती वाटते. डॉक्टर म्हणाले, हळूहळू जाईल. काय जाईल ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. खुर्चीवर आहे तोवर सकाळी उठून जायला एक जागा आहे, हातात यादी आहे, मला नावाने हाक मारणारी माणसं आहेत. ती गेली की घरात बसून मी फक्त एकाच गोष्टीची वाट बघत बसणार. हिला सांगितलं तर ही त्याच दिवसापासून माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागेल. उन्हाळ्यापर्यंत थांब. नवी पाइपलाइन पुरी झाली की मीच सांगतो. सगळं वहीत लिहून ठेवतो, काही सुटत नाही.

गुडघा कसा आहे? शिडीवर चढू नकोस.

तुझा,
दादा

*

दि. २७ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

शिंपीकाका गेले. रविवारी सकाळी.

घडलं ते असं. आमच्या खालच्या वस्तीच्या टाकीचं पाणी खराब झाल्याचा तपासणीचा कागद सोमवारी ह्यांच्या टेबलावर आला. पाणी बंद करायला ह्यांची सही लागते. मंगळवारी इंजिनिअरने फोन करून विचारलं. मी तिथेच होते. सही केली, कागद पुढे पाठवला, असं ह्यांनी ठणकावून सांगितलं. इंजिनिअरने विश्वास ठेवला. नगराध्यक्षांच्या शब्दावर कोण शंका घेणार? गुरुवारी खालच्या वस्तीत उलट्या-जुलाब सुरू झाले. शुक्रवारपर्यंत साठ माणसं दवाखान्यात, त्याच वस्तीत राहणारे काकाही. त्याच दिवशी टेबल आवरताना मला तो कागद सापडला. जुन्या नकाशांच्या पुस्तकात नीट घडी घालून ठेवलेला. सहीची जागा कोरी.

मी कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला. मग मला म्हणाले की हे आपल्याला कुणी दाखवलंच नाही. वन्सं, ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलताना त्यांचे कान लाल होतात. कान लाल झाले नव्हते.

बाकीचे बरे होतायत. काकांचं वय आणि अंगातलं पाणी, दोन्ही साथ देईनात. ह्यांचे सगळे कोट त्यांनीच शिवले. पोचवायला हे त्यातलाच एक घालून गेले.

आता तुम्ही सांगू नका. मला कळायचं ते कळलं. तुमच्या हो नाही आणि नाहीही नाही अशा पत्रातूनच कळलं होतं, फक्त मी ते मनात शिरू देत नव्हते. माझंही चुकलंच.

जीव लावत राहा.

तुमची,
वहिनी

*

दि. ११ मार्च

वन्सं,
न. वि. वि.

आठवडाभर हातात पेन धरवत नव्हतं.

पाच तारखेला गावच्या पेपरात पहिल्या पानावर बातमी आली. नगराध्यक्षांना विस्मरणाचा आजार, नोव्हेंबरपासून उपचार चालू, टाकीचा कागद त्यामुळेच पडून राहिला. डॉक्टर काय म्हणाले तेही होतं. घड्याळाचे आकडे एका अंगाला काढल्याचंसुद्धा छापलं होतं. हे पेपर घेऊन तसेच सभेत गेले. एका पेशंटचा कागद चोरून विकणाऱ्याला मी तुरुंगात घालीन, असं टेबलावर मूठ आपटून ओरडले म्हणे. पण शिंपीकाकांची मुलगी तिथे येऊन उभी होती. तिला बघून हे खाली बसले. दुसऱ्या दिवशी ह्यांनी राजीनामा दिला.

घरी येऊन सगळे खण उपसले. त्यात तुमचं जानेवारीतलं पत्र निघालं. त्यात घड्याळ, बातमीत घड्याळ. ठमीनेच दगा दिला, हे एकच तेव्हापासून चाललंय. तुमच्या इस्पितळाला स्वतःच्या हाताने तक्रार लिहिली आणि तुमच्या पत्राची नक्कल जोडली. टपालात मी टाकली. तुम्हाला दुसरीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

एकच विचारते. बायकोला सांगायला कायदा आडवा आला, मग पेपरवाल्यांना सांगताना तो कुठे गेला होता? शिंपीकाकांसाठी सांगितलं असेल तर तसं लिहा. मी समजून घेईन. पण मला आधी का नाही?

वहिनी

*

दि. १८ मार्च

प्रिय सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पेपरला मी सांगितलेलं नाही. याहून जास्त शपथेवर काय सांगू, मला सुचत नाही.

पण फाइल मी उघडली होती, हे खरं आहे. आमच्या कॉम्प्युटरात दिसतं, कुणी कधी काय उघडलं ते. पुठ्ठ्यातली फाइल बघून भागलं नाही, म्हणून मी पडद्यावरही उघडली होती. माझ्या नावापुढे तारीख, वेळ आणि अकरा मिनिटं अशी नोंद आहे. चौकशी समिती बसली आहे. तोवर मला कामावरून घरी बसवलंय. खोलीची किल्ली दिली तेव्हा नव्या मुलीने ती घेताना मान वर केली नाही.

दादाचा राग मी समजू शकते. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच धरून बसले असते. मला झोंबतंय ते वेगळंच. मी गप्प बसले ते कायद्याने बरोबर होतं. समिती तेवढ्यापुरतं माझं कौतुकसुद्धा करील. पण शिंपीकाका गेले, आणि दादाला धोका आहे हे गावाबाहेर फक्त मला आणि डॉक्टरांना ठाऊक होतं. डॉक्टरांना मी जानेवारीत आडून विचारलं होतं, अशा माणसाच्या हातात गाव असेल तर काय करायचं म्हणून. ते म्हणाले, पेशंटला समजवायचं, परत समजवायचं, त्यापलीकडे हातात काही नाही. उद्या आपण निवडून आलेल्यांचे कागद उघडे केले तर ते तपासायलाच येणार नाहीत. तेही खरंच. सगळंच खरं, वहिनी, आणि त्यातून एक माणूस जातो.

तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवाच, असं म्हणत नाही. पत्र मात्र बंद करू नका.

तुमची,
वन्सं

*

दि. ६ एप्रिल

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

माझं मागचं पत्र जाळून टाका. मला तोंड दाखवायला जागा नाही.

काल दुपारी हे झोपले असताना गावच्या पेपरचे संपादक आले. हातात पाकीट. बसायलाही तयार नव्हते. तुमच्या चौकशीचं त्यांच्या कानावर आलं म्हणून आले. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. काकांना पोचवलं त्याच्या चौथ्या दिवशी हे एकटे चालत छापखान्यात गेले, कोरे कागद मागितले आणि तिथेच कोपऱ्यात बसून चार पानं लिहिली. मग अट घातली की सगळं छापा, पण मी सांगितलं हे कुणाला कळता कामा नये. नाहीतर लोक म्हणतील, माणूस मारून आता सहानुभूती गोळा करतोय. संपादकांनी शब्द दिला. म्हणूनच ह्यांनी सभेत आरडाओरडा केला तेव्हा त्यांना वाटलं, हाही ठरवलेल्यातलाच भाग असेल. नंतर रस्त्यात भेटले तर ह्यांनी त्यांनाच कागदचोर म्हटलं. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. शब्दातून मोकळं करा म्हणून ते दोनदा ह्यांच्याकडे येऊन गेले. कुठला शब्द, हेच ह्यांना आठवेना. शेवटी माझ्याकडे आले. जन्मात पहिल्यांदा शब्द मोडतोय, असं म्हणून पाकीट ठेवलं आणि गेले.

अक्षर ह्यांचंच आहे. शेवटच्या पानावर लिहिलंय: “मला कुणी फसवलं नाही. माझ्या बहिणीने वेळेवर सावध केलं होतं. मी घाबरलो, आणि माझ्या घाबरण्यापायी माझ्या मित्राचा जीव गेला.”

वन्सं, सबंध आयुष्यात ह्यांनी केलेलं सगळ्यात धीराचं काम हे, आणि तेच नेमकं त्यांच्याजवळ राहिलं नाही.

संध्याकाळी मी पानं त्यांच्या हातात दिली. मास्तरांसारखी पेन्सिल घेऊन वाचली, एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारला. मग हळूहळू कळलं. इतके रडले की शेजारच्या बाई दार वाजवून गेल्या. तक्रार मागे घेतो म्हणून लगेच दोन ओळी लिहिल्या, सही केली. ती चिठ्ठी आणि चार पानं आज रजिस्टरने तुमच्या समितीकडे धाडली.

आज सकाळी उठले, चहा घेतला, आणि ठमीने दगा दिला म्हणून पुन्हा सुरू झाले. उद्या पुन्हा सांगू? रोज सांगू? पानांची नक्कल काढून ठेवली आहे. तुम्ही म्हणाल तसं करते.

माझ्यावरची माया आटली नसेल तर लिहा.

तुमची,
वहिनी

*

दि. २५ एप्रिल

प्रिय सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुमच्याकडून निघून इथे सुखरूप पोचले. इतकी माया केलीत, आणि वर बसमध्ये उशी दिलीत, ती इथे बघून मालकीणबाईंनी मला म्हातारी ठरवून टाकलं.

आल्याबरोबर समितीचं पत्र हातात पडलं. पेपरच्या बाबतीत मी निर्दोष. फाइल उघडल्याबद्दल मात्र नोंदविभागातून कायमचं काढलं. कपड्यांच्या कोठारात जागा देतायत. समितीपुढे मला विचारलं होतं, का उघडलीत? भाऊ होता म्हणून, असं मी म्हटलं. अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या की नेमक्या त्याच कारणासाठी उघडायची नव्हती. मला त्यांचा राग आला नाही. कोठारात जाणार नाही, राजीनामा देते आहे.

आता एक गोष्ट, जी चार दिवस तुमच्याकडे राहूनही तोंडाने सांगता आली नाही. मी आले तेव्हा तुम्ही दुकानात गेला होतात. दार दादाने उघडलं. बसमध्ये सगळं ठरवलं होतं मी, तो ओरडला तर काय बोलायचं, दार लावून घेतलं तर कुठे बसायचं. त्याने मला ओळखलंच नाही. बाई, उन्हातून आलात, आत या, म्हणाला. खुर्ची पुसून दिली. पाणी आणायला गेला, रिकामा पेला घेऊन आला. मी तो घेतला आणि प्यायल्यासारखं केलं.

मग माझ्याशी बोलत बसला. अनोळखी माणसाशी बोलावं तसं, मोकळेपणाने. म्हणाला की आपल्याला एक धाकटी बहीण आहे, तिने आपला कागद चोरून पेपरात दिला.  थोड्या वेळाने म्हणाला, पण लहानपणी ती फार गुणी होती, तिला घड्याळ मीच शिकवलं. आणि मग मला विचारलं, तुम्हाला भाऊ आहे का?

आहे, म्हटलं. माझ्यावर रागावलाय.

दादाने माझ्या हातातला पेला घेऊन खाली ठेवला. मग म्हणाला की भाऊ मूर्ख असतात बाई, त्यांचं मनावर घेऊ नका. रागावला तरी जा त्याच्याकडे, तो वाट बघत असेल. तेवढ्यात तुम्ही पिशव्या घेऊन आलात, मला नावाने हाक मारलीत, आणि ठमी म्हटल्याबरोबर तो उठून आत गेला. पुढचे चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही, ते तुम्ही पाहिलंच आहे.

तेव्हा विचारता आहात त्याचं उत्तर: ती पानं त्याला पुन्हा दाखवू नका. दर वेळी त्याला शिंपीकाका नव्याने जातात. एकदा पुरे. माझ्यावरचा राग त्याला सोसतो, तो असू द्या.

खोली सोडण्याची नोटीस दिली आहे. भांडी मालकीणबाई ठेवून घेतायत, बाकी दोन ट्रंका आहेत. तीस तारखेच्या दुपारच्या बसने येते, कायमची. मागची खोली झाडू नका, मी आल्यावर झाडीन. त्याने भावाकडे जा म्हणून सांगितलंय, आणि त्याचं सांगणं मी आजवर एकदाच मोडलंय, शिडीचं.

तुमचीच,
वन्सं